पंगत आणि पाहुणी

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



आषाढात आम्ही आपल्या ग्रुपवर एक फोटो टाकला होता, आठवत असेल. पोत्यावर बसलेली एक तांबूस कुत्री, मागच्या पायाला पट्टी, आणि खाली आम्ही लिहिलं होतं, "महाराजांनी सेवा धाडली." त्या फोटोला इतके नमस्कार आले की दिवसभर फोन वाजत होता. इंदूरहून आले, बडोद्याहून आले, ज्यांच्याशी वर्षभरात बोलणं नाही अशांचेही आले. खोटं कशाला बोलायचं, फार बरं वाटलं. त्या फोटोच्या पुढची गोष्ट मात्र आम्ही कुठेच टाकली नाही. ती दाखवण्यासारखी नव्हती. या वेळच्या पत्रकाला भूतदया हा विषय दिला आहे म्हटल्यावर लपवण्यात अर्थ राहिला नाही.

आमच्या बेळगावचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. अशाच एका पावसात रविवार पेठेतून येताना गटाराच्या कडेला ही दिसली. गाडीचा धक्का लागून मांडी फाटलेली, तीन पायांवर उभी. डॉक्टरांकडे नेली. हाड मोडलेलं नव्हतं पण जखम खोल होती. टाके, इंजेक्शनं, गोचीड काढणं, जंताचं औषध, अँटी-रेबीजची लस, सगळं झालं. डॉक्टर म्हणाले, जखम भरून अंगात ताकद येईपर्यंत रस्त्यावर सोडू नका, मग नसबंदीचं बघू. म्हणजे दीड-दोन महिने तरी सांभाळायचं. कायमची ठेवायची नाही, हे घरात पहिल्याच दिवशी ठरलं, कारण घरात आधीच दोन आहेत. मोती अकरा वर्षांचा, आता थकलेला. चिंगी चार वर्षांची, जरा तापट. नाव ठेवलं की जीव जडतो म्हणून नाव ठेवायचं नाही असंही ठरलं. "पाहुणी" म्हणायला लागलो आणि अर्थातच तेच नाव पडलं.

मजा म्हणजे पाहुणीला मराठी येत नव्हतं. "ये, ये" म्हटलं की भिंतीकडे बघायची. कामाला येणाऱ्या मावशींनी सहज "इल्ली बा" म्हटलं आणि ही शेपटी हलवत उठली! पेठेतल्या कानडी दुकानदारांनी वाढवलेली असणार. तेव्हापासून आमच्या घरात तिच्याशी सगळे कानडीत बोलतात. सासूबाईंनी सत्तर वर्षांत शिकली नाही तेवढी कानडी त्या महिन्याभरात शिकल्या.

डॉक्टरांनी एक गोष्ट बजावून सांगितली होती. चौदा दिवस हिला वेगळं ठेवा. रस्त्यावरच्या जनावराच्या अंगात पार्वो, डिस्टेंपरसारखा रोग मुरत असू शकतो, वरून दिसत नाही, दोन आठवड्यांत बाहेर पडतो. पार्वोचे जंतू तर जागेवर महिनोन् महिने टिकतात, साध्या फिनाइलच्या पुसण्याने त्यांचा भरवसा नाही, ब्लीचिंगचं पाणी लागतं. घरातल्या दोघांना दरवर्षीची लस आहे, तरी वेगळं ठेवा. वाडगं वेगळं, पोतं वेगळं, तिला हात लावल्यावर हात धुऊनच मोतीकडे जा.

आम्हाला हे सोपं वाटलं. जुन्या घरात सोवळंओवळं पाहिलेल्या बायका आम्ही, आम्हाला वेगळं ठेवणं काय नवीन? परसातली न्हाणी रिकामी करून दिली. पण ती दाराच्या फटीतून नाक काढून बसायची. फार शांत, कुणावर आवाज नाही. बघणाऱ्याला वाईट वाटायचं. त्यातून महाराज आपल्याला समदर्शन शिकवतात. गीतेच्या पाचव्या अध्यायात विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा, सगळ्यांकडे ज्ञानी सारख्याच नजरेने बघतो असं आहे, हे आपण इतक्या वेळा ऐकलं आहे. मग आपल्याच घरात एकीला न्हाणीत आणि दोघांना सोफ्यावर, हे कसं? सहाव्या दिवशी आम्ही दार उघडलं.

चिंगी गुरगुरली. पाहुणी स्वयंपाकघराच्या दाराशी आली की गुरगुरायची, आमच्या पायाशी आली की गुरगुरायची. आम्ही तिला रागावलो. एकदा, हे लिहिताना हात थांबतो, केरसुणीने मारलं सुद्धा. "चार वर्षं आयतं खातेस आणि दुसरीला घास देववत नाही होय?" असं काहीतरी बोललो. दोन दिवसांत चिंगीचं गुरगुरणं बंद झालं. आम्हाला वाटलं, समजली. संस्कार झाले.

नवव्या दिवशी गुरुवार होता. आरती झाली, नैवेद्य झाला. आणि आम्हाला सुचलं की तिघांना एका ओळीत प्रसाद द्यायचा. तीन वाडगी मांडली, दोघांच्यामध्ये हातभर अंतर. मोबाईल उघडून तयार, ग्रुपवर टाकायला! कोण आधी कुणाच्या वाडग्याकडे वळलं ते अजून कळलेलं नाही. चिंगी एक आवाज न करता पाहुणीच्या मानेला लागली. पाहुणी उलटली. बिचारा मोती मध्ये सापडला, त्याचा कान फाटला. आमच्या यजमानांनी सोडवायला हात घातला आणि त्यांच्या मनगटावर दात बसले. कुणाचे, तेही कळलं नाही. देवघरातली समई तेवत होती आणि पुढ्यात फरशीवर रक्त.

त्या वेळी एकच गोष्ट बरोबर झाली. आमच्या मुलीने फोनवरून ओरडून सांगितलं, आधी नळाखाली धरा. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं घड्याळ लावून जखम धुतली आणि लगेच दवाखाना गाठला. रक्त आलं होतं म्हणून लसीच्या कोर्सबरोबर जखमेतलं इंजेक्शनही दिलं. कुत्र्यांना लस दिलेली आहे ना, मग कशाला, असं आम्हीही म्हटलं होतं. पण पाहुणीच्या लसीला जेमतेम आठवडा झाला होता. हळद, चुना, तिखट काही लावू नका आणि वाट बघू नका, कारण रेबीज एकदा उमटला की माणूस हाती लागत नाही. आणि भांडणाऱ्या कुत्र्यांत हात कधी घालू नका. बादलीभर पाणी ओता, मध्ये खुर्ची नाहीतर पाट सरकवा. आपला हात कुणाचा आहे हे त्या क्षणी त्यांना कळत नसतं.

रात्री घरात कुणी जेवलं नाही. मुलगा पुण्याहून म्हणाला, उद्याच्या उद्या तिला सोडून या. यजमान हात बांधून गप्प बसले होते. सासूबाईंनी एवढंच विचारलं, "सोडायचं म्हणजे कुठं सोडायचं?" त्याला कुणाकडे उत्तर नव्हतं. आणि आम्हाला लाज कसली वाटत होती सांगू? पाहुणीची नव्हे, मोतीच्या कानाचीही नव्हे. ग्रुपवर आता काय सांगायचं याची! साठ नमस्कार घेऊन बसलो होतो ना.

दुसऱ्या दिवशी मठात फोन केला. आपले मठातले काका फारसं बोलत नाहीत. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दत्तमहाराजांच्या पायाशी चार कुत्री असतात. चारी वेद म्हणतो आपण त्यांना. त्यांना कधी एका ताटात जेवताना बघितलंत का?" आणि मग म्हणाले, "महाभारताची सुरुवात काढून वाचा. शेवट सगळ्यांना पाठ असतो."

शेवट आपल्याला पाठच आहे. महाप्रस्थानाला निघालेल्या पांडवांच्या मागून एक कुत्रं चालत जातं. द्रौपदी पडते, भाऊ पडतात, ते पडत नाही. इंद्र रथ घेऊन येतो, कुत्र्याला जागा नाही म्हणतो, आणि धर्मराज म्हणतात, जो माझ्या आश्रयाला आहे त्याला टाकून मला स्वर्ग नको. ते कुत्रं म्हणजे साक्षात धर्म निघतो. आम्ही पाहुणीला आणलं तेव्हा मनात हीच गोष्ट होती, आणि त्या गोष्टीत आम्ही कोण होतो हे सांगायला नकोच.

सुरुवात काढून वाचली. आदिपर्वात तिसऱ्याच अध्यायात आहे. जनमेजय राजा भावांसह कुरुक्षेत्रावर मोठं सत्र करतो आहे. तिथे सरमेचं पिल्लू येतं. सरमा म्हणजे देवांची कुत्री. राजाचे भाऊ त्या पिल्लाला मारतात. ते रडत आईकडे जातं. आई विचारते, तू काहीतरी केलं असशील. ते सांगतं, मी काही केलं नाही, हविर्द्रव्याकडे पाहिलंही नाही, चाटलंही नाही. सरमा तडक यज्ञमंडपात येते आणि राजाला विचारते, माझ्या मुलाने अपराध केला नाही, मग त्याला का मारलंत? आणि तिथे बसलेला कुणीही उत्तर देत नाही. मग ती शाप देते, की तुमच्यावर न दिसणारं भय येईल.

पोथी तशीच उघडी ठेवून आम्ही चिंगीकडे बघत बसलो. ती पलंगाखाली होती, कालपासून बाहेर आली नव्हती. चार वर्षं हे घर तिचं. कुणी सांगितलं नाही, विचारलं नाही, एक दिवस अनोळखी वासाचं जनावर तिच्या स्वयंपाकघराच्या दारात उभं केलं. ती गुरगुरली. गुरगुरणं म्हणजे तिचं बोलणं, "मला भीती वाटते, हिला जरा लांब घ्या" एवढंच. त्यावर आम्ही तिला पूजेच्या घरात केरसुणीने मारलं. डॉक्टरांनी नंतर समजावलं की गुरगुरण्याबद्दल मारलं तर कुत्रं भीती सोडत नाही, फक्त सांगायचं सोडतं. पुढच्या वेळी न सांगता चावतं. न दिसणारं भय म्हणतात ते हेच असावं, असं आम्हाला तरी त्या दिवशी वाटलं. धर्मराज व्हायच्या नादात आम्ही जनमेजयाचे भाऊ झालो होतो.

दया बाहेरच्यावर करणं सोपं असतं, कारण ती दिसते. तिचा फोटो निघतो. घरात जे आधीपासून आपल्या भरवशावर बसले आहेत, त्यांच्या वाट्याचं काढून नव्याला दिलं तर ते आपलं दान कसं होईल? दिलं चिंगीने, नाव झालं आमचं. हे माणसांनाही लागू आहे, प्रत्येकीने आपापल्या घरात बघावं, आम्ही जास्त बोलत नाही.

आणि समदर्शन! गीतेत बघण्याची गोष्ट आहे, पंक्तीला बसवण्याची नाही. पूर्वी घरोघरी वैश्वदेव होई, तेव्हा कुत्र्याचा वाटा काढत असत, कावळ्याचा काढत, किडामुंगीचाही काढत. श्राद्धाच्या दिवशी आजही काढतो. पण प्रत्येकाचा घास वेगळा. गाईचा गोठ्याकडे, कावळ्याचा उघड्यावर. कुणाला विसरायचं नाही आणि कुणाला कुणाच्या अंगावर घालायचं नाही, हे आपल्या आजी-पणज्यांना कुणी न शिकवता कळत होतं. आमच्या कामाच्या मावशींनी तर एका वाक्यात निकाल लावला. म्हणाल्या, "वैनी, नवी सून आली की पहिल्याच दिवशी थोरलीच्या ताटात बसवताय काय ओ?"

मग पाहुणी परत न्हाणीत गेली, आणि आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी डॉक्टर सांगतील तसं. चौदा दिवस नव्याने मोजले. पाहुणीच्या अंगाखालचं फडकं तिच्यात रोगाचं काही लक्षण नाही याची खात्री झाल्यावर चिंगीच्या खोलीत एका कोपऱ्यात ठेवायचं, चिंगीचं पाहुणीकडे. नुसता वास. चिंगीने हुंगून पाठ फिरवली तर तेवढंच पुरे. जेवण तिघांचं तीन बंद दारांमागे, संपलं की वाडगी उचलून ठेवायची. मोतीला अंगणात आधी, कारण म्हाताऱ्याला लघवी धरवत नाही. बाहेरून आल्यावर आधी चिंगीला हात, मग पाहुणीकडे.

सगळ्यात उपयोग झाला तो फिरण्याचा. पहाटे साडेपाचला टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटपर्यंत रस्ता मोकळा असतो. यजमान चिंगीला घेऊन रस्त्याच्या एका बाजूने, आम्ही पाहुणीला घेऊन दुसऱ्या बाजूने. तोंडासमोर तोंड आणायचं नाही, दोघींनी एकाच दिशेला चालायचं. पाच-सहा दिवसांनी अर्धा रस्ता जवळ, मग आणखी जवळ. दोघी एकमेकींकडे बघेनाशा झाल्या, पुढचा रस्ता बघायला लागल्या. छत्री धरून चालताना एकदा लक्षात आलं, धर्मराजांच्या मागून ते कुत्रं असंच चाललं असणार. त्याला कुणी मांडीवर घेतलं नव्हतं, ताटाशी बसवलं नव्हतं. हस्तिनापूरपासून ते नुसतं बरोबर चाललं होतं. त्यांनी त्याला हाकललं नाही, एवढंच केलं.

बाविसाव्या दिवशी अंगणात, दोघींच्या गळ्यात पट्टे, चिंगी आणि पाहुणी एकमेकींना बाजूने हुंगून गेल्या. चिंगी पुन्हा गुरगुरली. खरं सांगतो, ते गुरगुरणं ऐकून आमच्या डोळ्यांत पाणी आलं. ती परत बोलायला लागली होती. पाहुणी दोन पावलं मागे सरली, प्रश्न मिटला. मैत्री झाली असं म्हणता यायचं नाही. एका घरात दोन माद्यांचं पुष्कळदा जमत नाही, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. आजही आम्ही दोघींना एकटं सोडत नाही. पण मोती आणि पाहुणी दुपारी एकाच उन्हाच्या पट्ट्यात झोपतात, मोती अलीकडे, ती पलीकडे.

ज्या घरांत असा पाहुणा आणायचा विचार आहे त्यांना दोन गोष्टी सांगतो. पहिली, रस्त्यावर दिसलेलं प्रत्येक कुत्रं घरी आणायचं नसतं. जे धडधाकट आहे, ज्याला गल्ली ओळखते, त्याचं घर तीच गल्ली. 2023 च्या सरकारी नियमांतही नसबंदी आणि लस करून ज्या भागातून नेलं त्याच भागात परत सोडायचं असं आहे. जखमी, आजारी, आई हरवलेलं पिल्लू, त्यांची गोष्ट वेगळी. दुसरी गोष्ट प्रसादाची. आपला गुरुवारचा शिरा बेदाण्यांचा असतो. बेदाणे, मनुका, द्राक्षं कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक आहेत, थोडी सुद्धा. कांदा, लसूण, चॉकलेटही नको. दूध पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना पचत नाही. आम्ही इतकी वर्षं मोतीला प्रसाद म्हणून शिरा देत आलो, बेदाण्यांसकट. तो वाचला ही महाराजांची कृपा, आमची अक्कल नव्हे. आता गुरुवारी त्यांच्यापुरता साधा मऊ भात देवापुढे वेगळा ठेवतो, तोच त्यांचा प्रसाद.

नामदेवांची गोष्ट लहान मुलांना सांगताना आपण रंगवून सांगतो, कुत्रं पोळी घेऊन पळालं आणि ते तुपाची वाटी घेऊन मागे धावले. नातीने परवा विचारलं, "आजी, पण त्या कुत्र्याला वाटलं असेल ना, हे मारायला येतायत?" आम्ही म्हटलं, असेल. नामदेवांनी काय केलं असेल मग? ती म्हणाली, "वाटी खाली ठेवून लांब उभे राहिले असतील." पोथीत तसं काही नाही, पण आम्ही तिला चूक म्हटलं नाही.

पाहुणीची नसबंदी झाली, टाके निघाले, केस सगळे भरून आले. खानापूरकडच्या एका गुरुबंधूंच्या घरी शेत आहे, दुसरं कुत्रं नाही, आणि घरात कानडी बोलतात. ते दोनदा येऊन तिच्याबरोबर बसून गेले. येत्या शनिवारी तिला नेणार आहेत. ठेव होती, ज्याची त्याला परत जाते, असं सगळ्यांना सांगतो आहोत. रात्री न्हाणीशी जाऊन बसतो ते वेगळं.

तिचं वाडगं तिच्याबरोबर द्यायचं की ठेवायचं, यावर घरात वाद चालू आहे. यजमान म्हणतात, द्या, तिला ओळखीचं काहीतरी हवं. सासूबाई म्हणतात, पोतं द्या, वाडगं राहू दे, पाऊस अजून संपलेला नाही.

श्री गुरुदेव दत्त.